चौकातल्या फळ्यावरचं युद्ध

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि अमळनेरात माझा भाव वाढला. हे वाक्य लिहितानाही लाज वाटते, पण झालं तसंच.

मी तेव्हा तिथल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. वय सत्तावीस, अक्षर वळणदार, आणि स्वतःबद्दलचं मत अक्षराहून वळणदार. आमच्या चौकात कडुनिंबाखाली तरुण मंडळाचा एक फळा होता. वर पत्र्याचं छप्पर, खाली खडू ठेवायला खाच, आणि मधोमध पांढऱ्या रंगाची उभी रेघ. रेघेच्या डावीकडे बातम्या, उजवीकडे निधन. गल्लीत कुणी गेलं की तासाभरात उजव्या बाजूला नाव, वय आणि अंत्ययात्रा कुठून किती वाजता निघणार ते लिहिलं जायचं. सकाळी दुकान उघडण्याआधी लोक अगोदर उजवीकडे बघायचे, मग डावीकडे. उजव्या बाजूला कधी चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे डाव्या बाजूलाही लोक तेवढाच मान द्यायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचा तर ठाम समज होता, की फळ्यावर जे चढलं ते झालेलंच असतं.

डावी बाजू माझ्याकडे होती. सकाळच्या गाडीने जळगावहून वर्तमानपत्र यायचं, शाळेआधी मी चार ठळक बातम्या लिहून टाकायचो. युद्धाआधी त्या कुणी फारशा वाचत नव्हतं. कापसाचे भाव, दिल्लीतले राजीनामे, झालं.

युद्धाने मला विषय दिला. आमच्या टॉकीजची रिक्षा कर्णा लावून गावभर सिनेमाची जाहिरात करत फिरायची, ती भाषा मी उचलली. ‘वाळवंटात तुफान गर्दीत सुरू! रणगाड्यांची झुंज! सहकुटुंब पाहा!’ खाली रंगीत खडूंनी रणगाडा, त्याच्या तोंडातून लाल-पिवळा जाळ. खडू शाळेच्या कपाटातले होते. तीही एक लाज, पण लहान. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मी लिहिलं, ‘मध्यंतर! प्रेक्षकांनी आपापले स्टोव्ह सांभाळावेत.’ रॉकेलच्या रांगेत डबे घेऊन उभी असलेली माणसं ते वाचून हसली. चहावाल्याने मला फुकट चहा सुरू केला. धुळ्याहून कुणाकडे तरी आलेल्या पाहुण्याने फळ्याचा फोटो काढून नेला. गणपतीत मंडळाने पुठ्ठ्याच्या रणगाड्यांचा देखावा केला, त्याचा वाळवंटाचा पडदा मी रंगवला. वाळू मी पाहिली होती ती फक्त बोरी नदीच्या पात्रातली, पण लोक म्हणाले, सर, हुबेहूब अरबस्तान. मला ते पटलंसुद्धा.

गल्लीच्या टोकाला एक अक्का राहायची. नवरा कधीच गेलेला. ती एका व्यापाऱ्याच्या वखारीत शेंगा निवडायला जायची. तिचा एकुलता एक मुलगा आयटीआयला वेल्डिंग शिकून दोन वर्षांपूर्वी कुवेतला गेला होता. त्याला पत्र लिहायचा कंटाळा आणि हिला वाचता येत नाही, म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा. शिंप्याच्या टेपवर ती कॅसेट लागायची आणि शिंपी तेवढा वेळ मशीन बंद ठेवायचा. जुलैत शेवटची कॅसेट आली होती. त्यानंतर काही नाही.

रोज आठच्या सुमाराला वखारीत जाताना अक्का फळ्याजवळ थांबायची. माझं लिहून होईपर्यंत काही बोलायची नाही. मी खडू खाली ठेवला की विचारायची, “सर, मना आंडोरनी काय खबर शे?” आमच्याकडच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा.

पहिल्या दिवशी मी नीट सांगितलं, की तिकडून आपली माणसं विमानाने आणतायत, धीर धरा. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. मग रोजच्या त्या प्रश्नाचा मला जाच होऊ लागला. खरं कारण हे, की ती शेजारी उभी असली की माझ्या विनोदांना लोक कमी हसायचे.

गणपती उठून चार दिवस झाले होते. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळची गाडी आलीच नाही, त्यामुळे वर्तमानपत्र नाही. फळा पुसून मी उभा, समोर पंधरा-वीस माणसं. कुणीतरी म्हणालं, “सर, आज खेळ बंद का?” आणि मला राहवलं नाही. मी लिहिलं:

‘ताजी खबर! विमाने कमी पडल्याने कुवेतमधील आपल्या बांधवांची पहिली तुकडी उंटांवरून रवाना! सुरतपर्यंत उंट, पुढे रेल्वे. शुक्रवारी दुपारच्या सुरत-भुसावळ पॅसेंजरने अमळनेरात आगमन. उंटांनी तिकीट काढावे, ही नम्र विनंती.’

खाली ओळीने पाच उंट काढले. शेवटच्या उंटाला टी.सी. पकडतोय असं दाखवलं. चौक नुसता खदखदा हसत होता, आणि तेवढ्यात अक्का आली. हसण्यातून तिला काय कळलं कोण जाणे, पण तिचा चेहरा उजळला. तिने विचारलं, “काय लिखेल शे, सर?”

इथे मला थांबता आलं असतं. ‘काही नाही अक्का, थट्टा चाललीय,’ एवढं म्हणायचं होतं. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि बातम्या देणाऱ्यासारख्या गंभीर आवाजात सगळं वाचून दाखवलं. उंटांच्या तिकिटाचं तेवढं गाळलं.

“उंटवर? इतला लांब?” ती म्हणाली.

“तिकडे तेच वाहन, अक्का.”

“शुक्रवारले?”

“शुक्रवारी. दुपारच्या गाडीने.”

मागे कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला. अक्काने फळ्याला हात जोडले, मग मलाही जोडले, आणि भराभरा वखारीकडे गेली. मला वाटलं, वखारीत कुणीतरी तिला सांगेलच. वखारीतल्या लोकांना वाटलं असेल, चौकातलं कुणीतरी सांगेल. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं, मी उंट पुसले, आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून मी ड्रॉइंग पेपर आणायला जळगावला निघालो. स्टेशनवर शिरलो तर प्लॅटफॉर्मच्या बाकावर अक्का बसलेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्याला तेल, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. भरीत-भाकरी असणार, कारण वांगं भाजल्याचा वास दूरवर येत होता. मला वाटलं, जावं आणि सांगावं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच वाटलं. दोन पावलं गेलोही. मग आठवलं की बाकावर आणखी चौघीजणी आहेत, हमाल आहे, समोर चहाचा गाडा आहे, आणि हे सगळं त्यांच्यासमोर बोलावं लागेल. मी वळलो आणि नळाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

गाडी तासभर उशिरा आली. मी धावत जाऊन पुढच्या एका डब्यात चढलो. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर बघतो तर अक्का मागच्या डब्यापासून एकेक खिडकीत डोकावत पुढे येत होती. “कुवेतवाला शे का कोनी?” प्रत्येक खिडकीशी एकच प्रश्न. दोंडाईच्याहून बाजार करून आलेली माणसं तिच्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. ती तीन खिडक्यांवर आली, दोनवर आली.

मी खिडकीचं शटर ओढून खाली पाडलं.

शटरवर टकटक झाली. “कुवेतवाला शे का कोनी?” माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टकटक झाली, मग आवाज पुढच्या खिडकीकडे सरकला. गाडी सुटली तरी जळगाव येईपर्यंत मी ते शटर वर केलं नाही. अंगातला शर्ट घामाने भिजला होता. त्या दिवशी ड्रॉइंग पेपर आणायचे राहूनच गेले.

नंतर कळलं की गाडी गेल्यावरही ती बाकावर बसून होती. शेवटी तिकीट खिडकीवरच्या बाबूने तिला समजावलं, की बाई, तुमची कुणीतरी गंमत केलीय. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती फळ्यावरून गेली. थांबली नाही, रागाने बघितलंही नाही. मी फळ्याकडे तोंड करून एक शब्द पुसून पुन्हा लिहीत राहिलो. माफी उद्या मागू, असं ठरवलं. ते ‘उद्या’ दोन आठवडे चाललं. फळ्यावरचे रणगाडे मी बंद केले, साध्या अक्षरात बातम्या देऊ लागलो. लोक म्हणाले, सर, मजा गेली. आणि तेवढ्यानेच मी प्रायश्चित्त केलं, असं मला वाटू लागलं होतं.

नवरात्र बसलं. एका दुपारी मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आमच्या चौकातल्या कापड दुकानदाराकडे, मुंबईहून ट्रंक कॉल आला. अक्काचा मुलगा विमानतळावरून बोलत होता. जॉर्डनमधून विमानाने उतरलो, जळगावला गाडी बदलून उद्या सकाळी अमळनेरला पोचतो, मायला सांगा. लाइन कट झाली. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, फळ्यावर टाका आणि अक्कालाही कळवा. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात ती बातमी लिहिली आणि तिच्या घरी गेलो.

ती दारात सुपात शेंगा घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. फोन, विमान, उद्याची सकाळ. तिचा हात सुपात थांबला. तिने विचारलं, “फळावर लिखेल शे का?”

“हो अक्का. आत्ताच लिहिलं.”

“मंग ऱ्हाऊ द्या, सर,” ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा निवडू लागली.

मी शपथ घेतली, दुकानदारांना विचारा म्हटलं. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, “सर, आज बी उंट शेतस का?” तिच्या घरातून हसू ऐकू आलं. अक्का मात्र हसली नाही. ती आवाज न चढवता म्हणाली, “सर, माले आते स्टेशनवर जावानी ताकद नई.” मी उठलो, दुकानदाराकडे गेलो. दुकानाला कुलूप. ते गिऱ्हाइकाबरोबर पाचोऱ्याला निघून गेले होते, दुसऱ्या दिवशीच परतणार होते. मी परत तिच्या दारापर्यंत गेलो आणि आत न जाता घरी आलो.

सकाळी स्टेशनवर मी एकटाच होतो. तो उतरला. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, खांद्यावर छावणीत मिळालेलं राखाडी घोंगडं आणि हातात प्लॅस्टिकची एक पिशवी. दोन वर्षांच्या परदेशाचं एवढंच सामान. त्याने मला ओळखलं, मान डोलावली, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग दुसऱ्या खांद्यावरून.

“माय नई उनी का?”

“तिला उशिरा कळलं,” मी म्हणालो.

वाटेत तो बोलत होता. पळताना कंपनीने पासपोर्टसुद्धा दिले नव्हते, तीन दिवस बस वाळवंटातून चालली, पाणी झाकणाने मोजून प्यायचे. “सर, रस्त्यात उंट मरून पडलेले दिसायचे,” तो म्हणाला. मी त्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

अक्का चुलीसमोर होती. दारात सावली पडली तशी तिने मान वर केली. ती उठली ती कशी उठली ते मला सांगता येणार नाही. भाकरी तव्यावर करपली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, घोंगडं चाचपलं, बोटं मोजल्यासारखी केली. कितीतरी वेळाने दोघं खाली बसली. मी उंबऱ्याशीच उभा होतो, जाता येत नव्हतं आणि आतही शिरवत नव्हतं.

मग त्याने कारण विचारलंच. लहान मुलासारखं, थोडं रुसून. “माय, तू टेसनवर काबर नई उनी?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की आता सगळं निघणार, आणि खरं सांगतो, निघावं असंच मला वाटत होतं. मीच तोंड उघडायला हवं होतं.

“गुडघा दुखी राह्यना मना,” ती म्हणाली. मग मुलाला म्हणाली, की हे सर मला रोज तुझी खबर वाचून दाखवायचे.

तो उठून माझ्या पाया पडला. मी त्याला अडवलं नाही. अक्काने चहा केला आणि पहिला कप मला दिला. मी तो प्यालो, बरं झालं म्हणालो आणि निघालो. ती मला पोचवायला दारापर्यंत आली, चांगली तरातरा चालत. तिच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि माझ्यासाठी ती मुलाशी खोटं बोलली.