गाळलेली ओळ

आमच्या मंडळीत एखाद्या घरावर प्रभूची कृपा झाली की त्या घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. कुणाला नोकरी लागली, कुणाचं बाळंतपण सुखरूप पार पडलं, कुणी आजारातून उठलं. गाणी होतात, बायबलमधून शास्त्रपाठ होतो, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग तर्रीपोहे. कृपा आधी, सभा नंतर, हा क्रम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मी तो उलटा केला.

बायकोचा डावा डोळा शुगरनं आधीच नेला होता. उजव्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या रविवारी मी चर्चमध्ये उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "येत्या शनिवारी बोरगाव मेघेला आमच्या घरी उपकारस्तुती आहे. बायकोला दृष्टी मिळाल्याबद्दल." मंडळी "आमेन" म्हणाली. माझा विश्वास पाहून पाळकसाहेबांना भरून आलं. तो विश्वास नव्हता, हे मला उभा राहतानाच माहीत होतं. चारचौघांत जाहीर केलं की स्वतःच्या नावासाठी तरी देवाला ते करावंच लागेल, असं माझ्या मनात होतं. मी त्याला कोंडीत पकडायला गेलो होतो.

पट्टी काढली तेव्हा ती डॉक्टरांच्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. "लाइट लावला का जी?" तिनं मला विचारलं. लाइट तिच्या डोळ्यासमोरच होता. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि डोळ्याची नस गेल्याचं सांगितलं. नजर परत येणार नव्हती.

घरी आल्यावर मी फोन हातात घेतला.

"सगळ्याईले सांगून देतो, सभा रद्द."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? कशाचे उपकार मानाचे आता?"

"बोलावलं ना तुमी? मंग येऊ द्या लोकाईले. मी आंधळी झाली, मेली नाई अजून."

मी फोन ठेवला. तिच्या शब्दाखातर ठेवला असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे रद्द करायचं कारण सांगायची मला लाज वाटत होती.

शनिवारी अंगणात सतरंज्या घातल्या. सगळ्यांत आधी आली ती अल्लीपूरची म्हातारी मावशी, मळ्यातल्या भाजीची पिशवी घेऊन. ती थेट बायकोसमोर जाऊन उभी राहिली. "पोरी, वळख बरं, मी कोन?"

"आवाजानं वळखलं, मावशी. दिसत नाई मले. अन् पिशवीत सांभार हाय तुमच्या, वास आला."

मावशी कोथिंबिरीची पिशवी तशीच छातीशी धरून खाली बसली. बातमी अंगणभर झाली. पेटीवर बसलेल्या माणसाला कोणतं गाणं घ्यावं ते कळेना. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त लागत होतं.

कुणाच्याही घरी सभा असो, शास्त्रपाठ माझी बायको करायची. तिचा आवाज रस्त्यापर्यंत स्वच्छ जायचा. या सभेसाठीचा पाठही ऑपरेशनच्या आधी तिनंच निवडून ठेवला होता. पाळकसाहेबांनी शास्त्र माझ्या हातात दिलं. मी वाचू लागलो. शेवटाकडे एक ओळ होती, सगळ्या गोष्टींत उपकार मानायला सांगणारी. ती मला आधीच दिसली. मी ती गाळली आणि पुढे गेलो. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं.

"अजी," बायको म्हणाली, "एक ओळ राह्यली."

"झालं वाचून."

"नाई झालं. मले पाठ हाय. तुमी उडवली ते."

मागे कुणीतरी हसू दाबलं. मावशी म्हणाली, "वाच न बाप्पा! तिले काऊन फसवतं?"

मी वाचलं. पुढचं ती म्हणेल म्हणून मी अर्ध्यावर थांबलो. तिनं सुरुवात केली, आणि दोन शब्दांनंतर तीही थांबली. पाठ असूनही तिला ती ओळ पुरी करता आली नाही. तोवर मला वाटत होतं की तिनं सगळं स्वीकारलंय. मग पाळकसाहेब हळूच "आमेन" म्हणाले, आणि लोकांनी मान खाली घालून पोहे खाल्ले.

आता रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवतो. नजर आली नाही, येणार नाही. देवाला कोंडीत धरायला निघालो होतो, याची क्षमा मी मागतो. ती मिळाली असं मात्र अजून वाटत नाही. तो पाठ आला की त्या ओळीपाशी मी अडखळतो. ती वाट पाहते. त्या ओळीला माझं मन अजून होकार देत नाही. पण मी ती गाळली तर ओळखणारं माणूस समोर बसलेलं आहे. तेवढ्याचे उपकार मी मानतो. त्यापुढे माझी प्रार्थना जात नाही.