दुपारची माफी

येशूवर विश्वास ठेवला की तारण झालं, मग पश्चात्ताप आणि शेवटपर्यंत टिकून राहणं कशाला हवं, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. शाळेत इंग्रजीतून पाठ केलेलं उत्तर मी देऊन टाकलं. ते चुकीचं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला माझ्या धाकट्या भावाच्या घरातल्या दुपारी आठवत राहिल्या.

तो करी रोडला सव्विसाव्या मजल्यावर राहायचा. रस्त्याचा आवाज तिथवर येईपर्यंत विरून जायचा. पडदा फुगायचा, बसायचा. उन्हाच्या धुरक्यात खाली बंद गिरणीची उरलेली एकुलती एक चिमणी तरंगल्यासारखी दिसायची. भावाची स्मरणशक्तीही तशीच धूसर होत चालली होती. प्रभूवर त्याचा विश्वास पक्का होता. सलत होतं ते वेगळंच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो एकदाही आला नव्हता. आमच्या थोरल्या ताईने एकटीने सगळं केलं, आणि नंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. आता पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन घेऊन येत, तर हा हात मागे घेई. आधी ताईची माफी, म्हणे.

मी माहीमहून ताईला आणलं. त्याने माफी मागितली. ती म्हणाली, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, एवढं ऐकून घे. त्याने ऐकलं. तिने माफ केलं. त्या महिन्यात त्याने प्रभुभोजन घेतलं.

पण माफी मिळाल्याचं तो दुसऱ्याच दिवशी विसरला. अपराध तेवढा आठवत होता. त्याने पुन्हा माफी मागितली. तिसऱ्या दिवशीही. तेच रडणं, तेच हात जोडणं. मला बघवेना. मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरात 'ताईने माफ केलं आहे' असं लिहून ते कपाटाला चिकटवलं. ताईने ते सोलून काढलं.

"तुझं आपलं सगळं फाइलीत लावायचं. मागू दे त्याला. मलाही रोज नव्याने करावी लागते माफी. कालची सकाळपर्यंत पुरत नाही."

मग ती रोज दुपारी टॅक्सीने येत राहिली. गुडघे दुखत असले तरी.

एका दुपारी त्याने काहीच मागितलं नाही. ताईकडे नर्सकडे बघावं तसं गोड हसला. पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस मांडून बसले होते. त्यांनी प्रभूचं नाव घेतलं, तेही त्याला ओळखीचं वाटलं नाही. मी हादरले. विश्वास गेला, पश्चात्ताप गेला. मग याच्यापाशी उरलं काय? पाळकसाहेबांनीही उचललेला तुकडा परत ताटलीत ठेवला.

ताई पलंगावर त्याच्याजवळ सरकली.

"केली रे, आजची," ती म्हणाली.

कसली, ते त्याला कळलं नाही. पण त्याने लहान मुलासारखा आ केला. पाळकसाहेबांनी मान हलवली, आणि ताईने भाकरीचा तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. तो फार सावकाश चावत राहिला. तो गिळेपर्यंत आम्ही तिघं थांबलो.