ब्रेकवरचा पाय

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, गॅरेजातल्या भागीदारालाही नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून काढतोय. तुम्हालाच का? – तुम्ही विश्रामला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला माझं छोटं गॅरेज होतं. एक चक्कर मारून गाडीचं दुखणं ओळखतो, असं माझं नाव झालं होतं. मला ते आवडायचं. खरं तर त्यात काय मोठं? स्टिअरिंग वेगात थरथरलं तर चाकं बघायची, ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर ब्रेकचे ड्रम. पण गिऱ्हाइकासमोर मी डोळे मिटून, मान हलवून सांगायचो.

विश्राम एका डॉक्टरांचा ड्रायव्हर. मालवणकडचा, माझ्याच वयाचा. डॉक्टरांची गाडी माझ्याकडे आणली ती त्यानेच.

दसऱ्याआधी गॅरेजवर गाड्यांची रांग लागते. प्रत्येकाला हार घालायला गाडी तयार हवी. त्या घाईत मी डॉक्टरांच्या गाडीचे पुढचे ब्रेक केले. ड्रम बसवण्याआधी आतला गंज खरवडायचा असतो, नाहीतर ड्रम किंचित तिरका बसतो आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. एका चाकाचा खरवडला. दुसऱ्याचा – राहू दे म्हटलं.

खंडेनवमीला सकाळीच डॉक्टर आले, गाडी विश्राम चालवत होता. ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचतंय, म्हणाले. मी आग्रा रोडवर चक्कर मारली. पहिल्याच ब्रेकला मला कळलं. चाक उघडलं असतं तर गंज सगळ्यांना दिसला असता. पण पाने, जॅक, सगळं पूजेला मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. बरंच झालं, असं वाटलं मला – हो, अगदी असंच वाटलं.

"ड्रायव्हरचा पाय कायम ब्रेकवर असतो, साहेब," मी म्हणालो. "ड्रम तापून वाकडा झालाय."

विश्रामने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. तो चिडला असता तर मी कदाचित – नाही. तरीही मी बोललो नसतो.

डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. मग मी चाक उघडलं, गंज काढला, थरथर गेली. डॉक्टर खूश झाले. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? तेव्हाही गप्प बसलो.

महिनाभराने विश्राम गॅरेजवर येताना दिसला. भांडायला आला असेल, म्हणून मी एका गाडीखाली शिरलो. असा भित्रा मी. तो वाकला आणि हळूच म्हणाला, "खरां सांग रे, माझो पाय ब्रेकार रवायचो? माका कधी कळला नाय. दुसरी नोकरी मिळता हा, पण माझ्या पायान कोणाचो जीव गेलो तर?"

भांडायला नव्हता आला तो. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून विचारायला आला होता.

मी गाडीखालूनच म्हणालो, "हो."

"बरां केलंस, सांगलंस ता," म्हणाला आणि गेला.

ती नोकरी त्याने घेतली नाही. मानखुर्दला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला, आणि त्यानंतर त्याने गाडी कधीच चालवली नाही. मी कितीदा तरी त्याच्या शेजारी बसून गेलो होतो. त्याचा पाय ब्रेकवर कधीच नसायचा, हे मला माहीत होतं.