सोनेरी कागदाचा चांद

चांदटीचरच्या घरी रमजानभर चिकटवण्याचं सगळं काम आम्हा मुलांच्या जिभेवर चालायचं. मागे सुका गोंद लावलेला चकचकीत कागद तेव्हा मिळायचा. ओला केला की चिकटायचा. टीचर कातरलेली चांदणी आमच्या तोंडापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "मेरा रोजा, तेरी जीब." इतका गोंद पोटात जायचा की रात्री मी जेवायला नको म्हणाले की आईला कारण विचारावं लागत नसे.

ही गोष्ट कानडी मुलखातल्या जयनगरमधली, नव्वदीच्या सुरुवातीची. टीचर हस्तकलेच्या निवृत्त शिक्षिका, आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायच्या. त्यांच्या व्हरांड्यात गल्लीतली झाडून सारी मुलं जमायची. पताका, कंदील, ईदची कार्डं. रोजा कशासाठी, ईदआधी गरिबाघरी धान्य का पोचवायचं, हे त्या कात्री चालवता चालवता सांगायच्या. आमची कात्री वाकडी गेली की मात्र धपाटा मिळायचा.

त्यांचा एक नियम होता. कार्ड पूर्ण करायचं, पण त्यावरचा चांद चिकटवायचा नाही. "नक्को, अब्बी नक्को. खुद की आँख से देख, फिर चिपका." शेवटच्या संध्याकाळी रोजा सोडून त्या आम्हाला गच्चीवर न्यायच्या. चांद दिसला की एकच गलका व्हायचा आणि ज्याने त्याने आपापला चांद चिकटवून कार्ड दुसऱ्याला द्यायचं. टीचरचं कार्ड दर वर्षी मला मिळायचं. त्यावरचा चांद मात्र त्या स्वतःच्या जिभेने ओला करायच्या, डोळे मिटून, पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून.

मी पाचवीत होते त्या वर्षी शहरात दगडफेक झाली. शाळा दोन दिवस बंद राहिली. ईद जवळ आली तेव्हा आई म्हणाली, "या वर्षी नको गं जाऊस. स्वल्प दिवस जाऊ देत." माझं कार्ड तयार होतं, फक्त चांद राहिला होता. त्या संध्याकाळी मी आमच्याच गच्चीवर गेले. चांद दिसला. पलीकडच्या गच्चीवर टीचर एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, हातातलं कार्ड उंच धरून हलवलं. मी पाण्याच्या टाकीमागे खाली बसले.

आईने जायला मना केलं होतं, हात हलवायला नव्हे. लपले ती मी. शेजारपाजारचं कोणी बघेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्या स्वतः आल्या. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. "बच्ची सो रही क्या? सोने दो," त्या आईला म्हणाल्या. डब्याबरोबर कार्ड होतं. त्यावर आकाश होतं, चांदण्या होत्या. चांद मात्र आत सुटाच ठेवला होता.

उन्हाळ्यात त्या मुलाकडे के. आर. पुरमला गेल्या. "जाऊन येऊ एकदा," असं आई आणि मी कितीदा म्हणालो. दोन बस बदलायच्या, एवढंच अंतर. गेलो नाही. पुढे त्या वारल्याचं कळलं, तेही महिन्याभराने.

परवा कपाट आवरताना ते कार्ड सापडलं. ईदचा चांद आदल्या दिवशीच दिसला होता, मीही पाहिला होता. मी तो सोनेरी कागद जिभेला लावला आणि आकाशावर दाबून धरला. गोंदाची चव तीच होती. बोट उचललं, तर चांद बोटाबरोबर वर आला.