तळ्यात उतरलेली नीळ

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक वळकटी, एक पेटी आणि दोन डझन रिकाम्या बाटल्या होत्या. समोरच्या बाकावरच्या धारवाडच्या बाईंनी विचारले, “औषधाच्या आहेत का हो?”

“रिकाम्याच आहेत. बेंगळूरहून घाण पाणी भरून आणायचंय.”

त्यांनी थोडा विचार केला आणि आपला फराळाचा डबा खिडकीकडे सरकवला.

साठ साल नुकतेच उलटले होते. मी सरकारी रसायनतज्ज्ञ. बिघडलेली नदी-तळी कशाने बिघडली आणि पुन्हा सुधारतील का, हे पाहणे माझे काम. बेंगळूरच्या दक्षिण अंगाला एक केरे (तळे) नासले होते. त्या पाण्याने लोकांच्या अंगाला खाज सुटत होती. दोष धोब्यांच्या साबणाचा, हे तिथल्या इंजिनियर साहेबांनी आधीच ठरवले होते. काठावरच्या सगळ्या धोबी कुटुंबांना उठवायचे होते. फक्त तज्ज्ञाची सही हवी होती, म्हणून मला बोलावले होते.

स्टेशनवर प्रयोगशाळेचे सहायक श्रीपतराव घ्यायला आले होते. ते माझ्या मागे पाहत राहिले. साहेब अजून उतरले नाहीत, असे त्यांना वाटत होते.

“साहेब मीच,” मी म्हटले.

“सरी,” ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक. “अक्का, स्वल्प थांबा, जटका आणतो.” त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आले आणि इथेच राहिले. स्वल्प म्हणजे जरा, हे मला थांबल्यावर कळले. जटका म्हणजे टांगा, हे तो आल्यावर.

उतरण्याची सोय तळ्याच्या उत्तरेच्या सरकारी विश्रामगृहात होती. अधिकाऱ्यांच्या नव्या बंगल्यांची रांग, पुढे गुलाब, सकाळी सहाला बादलीभर कढत पाणी. मी आनंदाने आंघोळ केली आणि तळ्यावर गेले.

पाणी हिरवे, दाट. वास असा, की श्रीपतराव बोलणे टाळत होते. मुनियप्पा नावाचा म्हातारा धोबी दगडावरून उठला आणि कन्नडमध्ये काही म्हणाला. श्रीपतरावांनी मराठी केले, “विचारतोय, आम्हांला उठवणार काय, अम्मा? आजा इथंच कपडे धुवायचा. साबण काय काल निघाला?”

“आधी पाणी बघू दे,” मी म्हटले.

बाटलीत पाणी घेऊन दोन औषधे घातली, की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी गाळ धरतो. घाणीने तो संपला असेल तर पांढरा. धोबीघाटावरची बाटली फिकट का होईना, तपकिरी झाली. काठाकाठाने सरकत गेलो तशी ती पांढरी होत गेली. उत्तरेकडून तळ्यात येणाऱ्या मोरीपाशी तर निव्वळ दूध. मुनियप्पाने ती बाटली बराच वेळ उन्हात धरली. त्याला कुणी काही समजावून सांगावे लागले नाही.

दुपारी श्रीपतरावांनी बसवनगुडीतल्या आपल्या घरी जेवायला नेले. अवरेकाळू (पावट्याचे दाणे) घातलेले हुळी, म्हणजे आमटीची तिखट बहीण, भात, वर कॉफी. हात धुताना ते हळूच म्हणाले, “अक्का, खरं ते लिहा. पण माझं नाव नको. तुम्ही पुण्याला जाल. मला इथंच नोकरी करायचीय की.”

मी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर साहेब मोरीवर आले. त्यांचे म्हणणे, मोरी फक्त पावसाच्या पाण्याची. पाऊस होऊन दोन महिने झाले होते आणि मोरी वाहत होती. मी मुनियप्पाकडून नीळ मागून घेतली, श्रीपतरावांना बरोबर घेऊन विश्रामगृहात गेले आणि बादलीत कालवून ती माझ्याच न्हाणीघरात ओतली. मग आणखी सहा बादल्या पाणी. ओतताना मला सकाळची आंघोळ आठवली आणि कानशिले तापली.

आम्ही परतलो तेव्हा मोरीतून निळे पाणी तळ्यात उतरत होते.

“बघा!” साहेब म्हणाले. “ही धोब्यांचीच नीळ आहे.”

“होय. पण माझ्या न्हाणीघरातून आली आहे.”

“कोणी पाहिलं?”

श्रीपतरावांचे नाव न घेण्याचा मी शब्द दिला होता. मग श्रीपतराव घसा खाकरून म्हणाले, “बादली मी धरली होती, सर.”

साहेबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

संध्याकाळी साहेबांनी मला सुचवले, की अहवालात ‘बंगले’ हा शब्द बरा दिसत नाही. ‘उत्तरेकडील उगम’ लिहावे. मी तसे लिहिले आणि कंसात बंगल्यांचे नंबर दिले.

परत आल्यावर पुण्यात सगळ्यांनी बेंगळूरच्या बागांविषयी विचारले. मी मोरीविषयी सांगू लागले, की लोक चहा मागवत.

वर्षाने श्रीपतरावांचे पत्र आले. धोबी आहेत तिथेच आहेत. बंगल्यांचे गटार वळवून गवताच्या कुरणांकडे नेले. वास पुष्कळ कमी झाला. तळ्यावर बोलता येते. त्यांची स्वतःची मात्र गोदामात बदली झाली होती. गोदाम कोरडे आहे, हवा बरी आहे, असे त्यांनी लिहिले होते.

त्या अहवालाचे खात्यात कौतुक झाले आणि मला बढती मिळाली. त्यात श्रीपतरावांचे नाव नाही. नको असे ते म्हणाले होते, तेव्हा त्यांनी अजून बादली धरलेली नव्हती. नंतर त्यांना पुन्हा विचारायला हवे होते. ते मला परतीची गाडी मिरज ओलांडून गेल्यावर सुचले.