टपावरची कलती फळी

मलकापुरात आमच्या घरासमोर ट्रकची लाकडी बॉडी बांधणारे एक मिस्त्री होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रंधा मारून झाला की फळीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून तिचा बाक बघायचे आणि आपल्याशीच मान डोलवायचे.

आमच्या ह्यांनी जुना ट्रक घेतला. केबिनच्या टपावर उंच फळी उभी करून तिच्यावर देवी रंगवून घेतली. तेव्हापासून ट्रक रिकामा असला तरी डिझेल फार खायला लागला. तो विकावा लागेल, असं घरात बोलणं सुरू झालं.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, फळी मांगं कलती करू. समोरचा वारा अडून राह्यला."

"देवीले झोपवता काय, मिस्त्री?" हे भडकले.

"झोपवत नाही, टेकून बसवतो."

ह्यांना पटेना. मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते. मिस्त्री माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा. वाऱ्यात सूप उभं धरलं त काय होते?"

पुरुषांत मी कधी बोलले नव्हते. तरी तोंडून निघालं, "मनगट भरून येते. कलतं धरलं का वारा वरून जाते."

"घ्या! तुमचा ट्रक असं उभं सूप धरून दिवसभर पळते, भाऊ."

ह्यांनीच मग फळी धरून दिली. फळी कलती झाली. पुढच्या खेपेला टाकीत डिझेल उरलं आणि ट्रक विकावा लागला नाही.

मिस्त्री पुढे गाव सोडून गेले. लोक त्यांच्या हाताची तारीफ करतात. मला मात्र एवढंच आठवतं, की ट्रकच्या कामातलं विचारायला ते माझ्याकडे वळले होते.