कुऱ्यांना चेहरे काढले तेव्हा

माझ्या नातीचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. एकदा तिच्या वाटचं चॉकलेट खाऊन मी मांजरावर ढकललं होतं, आणि आमच्याकडे मांजर नाही. ती तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती, पण विसरलेली नाही.

म्हणून गेल्या वर्षी थंडी सुरू होताना मी तिला म्हटलं, "या कुऱ्या आत्ता खायच्या नाहीत, महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या की गोड होतात," तेव्हा ती सरळ म्हणाली, "आजी, उसो!" म्हणजे थापा.

कुरी म्हणजे चेस्टनट. जपानी शब्दाचं अनेकवचन आमच्या घरात कुऱ्या असंच होतं.

तिला थांबायचं नव्हतं, कारण महिन्याने ती इथे नसणार होती. मुलाची बदली ओसाकाला झाली होती. पोर इथे त्सुकुबात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर वाढलेली. पहिलीच्या वर्गात आत्ता कुठे रुळली होती. बदलीचं कळल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. सूनबाई खोकी भरायची आणि ही मागून एकेक वस्तू काढून पुन्हा जागेवर ठेवायची. खोकी भरायला वेळ मिळावा म्हणून मी तिला कुऱ्या वेचायला घेऊन जायचे, असं सुनेला सांगत होते. खरं कारण काय ते सुनेलाही ठाऊक होतं.

घरामागे एक जुनी बाग आहे. मालकीणबाई माझ्याहून म्हाताऱ्या. पडलेल्या वेचा, झाड हलवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. काटेरी गोळा दोन बुटांमध्ये धरून फाकवायचा आणि आतल्या कुऱ्या चिमट्याने उचलायच्या. बूट माझे, चिमटा तिचा.

"टोक बघ," मी शिकवत होते. "खऱ्या कुरीला वर टोक असतं आणि टोकाला शेंडी. रस्त्याकडेला तोचीच्या झाडाखाली पडतात त्या बिया जास्त देखण्या दिसतात, पण त्या गोल असतात, शेंडी नसते, आणि वरच्या सालीला काटे नसतात. त्या खायच्या नाहीत. कडू आणि विषारी."

"तुला कसं माहीत?" हे जपानीत.

"कुकरला लावल्या होत्या ना मी."

लग्न होऊन इथे आले तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. वनस्पतिशास्त्राची पदवी, तीही पहिल्या वर्गात. नवरात्राचे उपास धरलेले आणि साबुदाणा कुठे मिळेना. अशात रस्त्यावर तोचीच्या बियांचा सडा पाहून, त्याच कुऱ्या समजून, देवी पावली असं त्या विदुषीला वाटलं. पदर खोचून ओटीभर बिया गोळा केल्या. कुकरचं झाकण उघडलं तर आत रिठ्यासारखा फेस! नवऱ्याने जिभेच्या टोकाला लावून बघितलं आणि थुंकून विचारलं, "अगं, हे खायचं की याने केस धुवायचे?" बाईसाहेब आधी रडल्या. मग वाया कशाला घालवायचं म्हणून खरंच केस धुतले. केस छान झाले, हे मान्य करायला हवं.

पुढच्या वर्षी खऱ्या कुऱ्या ओळखता आल्या, तर शहाणपण साठवण्यात दाखवलं. टिकवायचं म्हणजे वाळवायचं, हे आमच्या रक्तातच. बाल्कनीत चादर पसरून कुरडयांसारखं कडकडीत वाळवण घातलं, मग लवंगा घालून स्टीलच्या डब्यात भरलं. येईल त्याला डबा दाखवायची. एके दिवशी डबा उघडला तर आत पांढऱ्या गुबगुबीत अळ्यांचं संमेलन! वाचल्या त्या कुऱ्या सुपारीसारख्या टणक. नवऱ्याने अडकित्ता मागितला तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

इथल्या शेजारणींचं पाहून मग कळलं की कुरीला वाळवायचं नसतं, तिला जिवंत ठेवायचं असतं. आल्या आल्या पाण्यात टाकायच्या. तरंगतील त्या आणि भोकं असलेल्या फेकायच्या. बाकीच्या पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवायच्या. बर्फ मात्र व्हायला नको. कागद ओला झाला की बदलायचा. गारठ्यात बिचारी अंगातल्या पिठाची हळूहळू साखर करते.

हे सगळं नातीने ऐकून घेतलं. मग तिने पांढरा मार्कर आणला आणि प्रत्येक कुरीवर चेहरा काढला, म्हणजे मी एखादी खाल्ली तर कोण गेलं ते कळेल. एक रागावलेली, एक झोपाळू, एक चष्मेवाली म्हणजे आजोबा. एकीचा एक डोळा मिटलेला. "ही तू," ती म्हणाली.

आणि ते गेले.

फोनच्या पडद्यावर तिचं फक्त कपाळ दिसायचं. सूनबाई हळू आवाजात सांगायची, "आई, शाळेत कुणाशी बोलतच नाही हो. तिथली मुलं ओसाकाच्या बोलीत बोलतात, हिने तोंड उघडलं की सगळी वळून बघतात. आता उघडतच नाही." मी मैत्रिणींबद्दल विचारलं की कपाळही जायचं.

एका संध्याकाळी मात्र कपाळ म्हणालं, "मोऽ ई काय?"

जपानी लपंडावात राज्य आलेलं मूल असं ओरडतं. झालं का? मी फ्रिज उघडला, पिशवी फोनसमोर धरली आणि लपलेल्या मुलासारखं ओरडले, "मादा दा योऽ!" अजून नाही! कपाळाखाली डोळे आले. मग रोज तोच खेळ. शाळेबद्दल विचारायचं मी सोडून दिलं. आज रागावलेली कशी आहे, झोपाळू उठली का, एवढंच.

आता, गोड झाल्या की नाही हे कुणीतरी तपासायला नको? मी एक उकडली, मधोमध चिरली, चमच्याने गर खाल्ला.

"अगं, पोरीच्या आहेत त्या," आजोबा म्हणाले.

"तपासतेय."

"मग मलाही तपासू दे."

"दुसरी मिळणार नाही." मी रिकामी टरफलं सेलोटेपने जोडून परत पिशवीत ठेवली. निदान डोळा मिचकावणारीच उचलली होती. खायचं तर स्वतःलाच खावं.

महिना झाल्यावर मी ओसाका गाठलं. शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये गार पिशवी सगळा वेळ मांडीवर. नातीने "मोऽ ई काय?" विचारलं नाही. दारातूनच पिशवी घेतली, टेबलावर कुऱ्या मांडल्या आणि एकेक चेहरा तपासला. सगळे हजर. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तिने एक पुन्हा उचलली, तळहातावर तोलली आणि कानाशी हलवली. मग टेप दिसली.

"आजी! तू तुलाच खाल्लंस!"

अख्खं वाक्य मराठीत. आणि मग हसत सुटली, खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेली, तिथेही हसू थांबेना. सूनबाई सिंककडे तोंड करून नळ सोडून उभी राहिली. धुवायला सिंकमध्ये काही नव्हतं.

कुऱ्या उकडल्या. ती चमच्याने खात होती. गोड आहेत का, विचारलं तर तोंड भरलेलं. नंतर छोट्या डब्यात तिने झोपाळू आणि रागावलेली बाजूला काढून ठेवली.

"या कुणाला?"

"माझ्या शेजारी बसते तिला."

"शाळेत खाऊ न्यायचा नसतो," सूनबाई म्हणाली.

"येताना. पार्कात." माझीच नात.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"विचारलं नाही. आधी देते, मग विचारते."

डब्याचं झाकण लावता लावता ती थांबली आणि सेलोटेपवाली रिकामी कुरीही तिने आत टाकली.

"ही कशाला गं? हिच्यात काय आहे?"

"तिला सांगायला काहीतरी नको का?" ती म्हणाली.